वट चालत नाही तिथं

कोल्हापुरात नाक्यावर गाडी अडवली की आमच्या माणसाच्या तोंडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, गाव कुठलं तुमचं?" साहेब गडहिंग्लजकडचे निघाले तर अर्धा विषय तिथंच मिटतो, कारण तिकडं कोणीतरी पाहुणा असतोच, पाहुणा नसला तर पाहुण्याचा पाहुणा, आणि तोही नसला तर तालमीतला कोणतरी असतो ज्याला फोन लावायचा आणि मोबाइल साहेबांच्या हातात द्यायचा, "जरा बोला की." त्यातनंही नाही भागलं तर भांडायचं. नाक्याशी भांडायला हे गाव घाबरत नाही, शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला तेव्हा काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं बघितलंय, जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले आणि शेवटी सरकारला तो टोल गुंडाळायला लागला.

आता असल्या गावात वाढलेला माणूस दुबईच्या नाहीतर सिंगापूरच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहतो तेव्हा त्याच्याकडं काय असतं? एक निळं पुस्तक. गाव विचारून उपयोग नाही, फोन लावून द्यायची सोय नाही (बऱ्याच ठिकाणी त्या हॉलमध्ये मोबाइल काढायलाच बंदी असते), आवाज चढवला तर आतल्या खोलीत नेऊन बसवतात. परदेशात जपून राहा, पाकीट सांभाळा, रात्री एकटं फिरू नका हे सगळेच सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण मला विचाराल तर आपल्या लोकांचा घोळ होतो तो वेगळ्याच कारणानं. ओळख काढली की काम होतं, आणि ओळखीचा माणूस म्हणजे भरवशाचा माणूस, ह्या दोन गोष्टींवर आपलं इथलं सगळं चाललेलं असतं. बॉर्डरवर ह्यातली पहिली चालत नाही आणि दुसरी कधीकधी गळ्याशी येते.

माझा ट्रॅव्हलचा धंदा नाही हां. आयुष्य बँकेत गेलं, लोकांची कागदं तपासण्यात, त्यामुळं गल्लीतलं कोणी बाहेर निघालं की पिशवीत फाइल घालून आमच्या सोप्यात येतं, चहा होतो, मी चष्मा लावून बसतो आणि आलेल्या माणसाचं तोंड हळूहळू उतरायला लागतं. मुलगा बाहेर असतो त्यामुळं स्वतःचंही थोडंफार फिरणं झालंय.

सगळ्यात जास्त घोळ नावाचा. आमच्या शेजारच्या मावशींचंच घ्या. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्यानं दुसरंच नाव लिहिलं ते आधारवर, आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं, कारण कुठल्यातरी क्लार्कनं ऐकलं तसं लिहिलं (तो क्लार्क मी नव्हे, आधीच सांगतो). गल्लीत त्यांना सगळे चौथ्याच नावानं हाक मारतात. इथं कुणाचं काही अडत नाही, पोस्टमनसुद्धा बरोबर घरी येतो. पण काउंटरवरच्या माणसासाठी ह्या चार वेगवेगळ्या बायका आहेत. तिकीट काढणाऱ्या पोरानं आधार बघून नाव टाकलं आणि पासपोर्टवर दुसरं असलं तर मुंबईच्या विमानतळावरच बोर्डिंग पास मिळताना रडायची पाळी येते, दुबई राहिली लांब. त्यात काही जणांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच मोकळा असतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये यूएईनं जाहीर केलं की पासपोर्टवर एकच नाव असेल तर व्हिजिट व्हिसावर आत घेणार नाही, मग खुलासा केला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा घराण्याचं नाव असलं तर चालेल. ह्या दोन बातम्यांच्या मधल्या दिवसांत माझ्या सोप्यात चहाला किती दूध लागलं ते बायकोला विचारा.

तारखेचं तर लोकांना पटतच नाही. पासपोर्ट ऑगस्टमध्ये संपतोय आणि आम्ही मे महिन्यात परत येतोय, मग अडचण काय? अडचण अशी की बरेच देश आत शिरताना पुढं सहा महिने शिल्लक मागतात, युरोपातले शेंगेनवाले (आपसातल्या सीमा उघड्या ठेवलेले देश) बाहेर पडायच्या तारखेपुढं तीन महिने मागतात, वर पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला हवा. "आपण सांगू की त्यांना समजावून." कुणाला सांगणार? विमान कंपनी मुंबईतच उतरवून ठेवते, कारण असा माणूस पलीकडं नेला तर दंड कंपनीला बसतो आणि परतही तिलाच आणायला लागतं.

मग ते काउंटर. आपल्या माणसाला प्रश्न विचारला की गोष्ट सांगायची सवय. आमच्या ओळखीतले एक काका लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघाले होते, काकूंसकट, व्हिसा झालेला, सगळं झालेलं. सहज म्हणलं, काका, तिथं उतरल्यावर विचारतील कशाला आलाय, काय सांगणार? तर म्हणाले, "सांगणार की, पोरीला मदत करायला, बाळाला सांभाळायला, आमची ही सैपाक बघंल, मी दुकानाचं सामान आणून देईन, जावयाचा धंदा हाय तिथं, थोडा हातभार." ह्या एका वाक्यात तिथल्या अधिकाऱ्याला तीन नोकऱ्या ऐकू आल्या असत्या. टुरिस्ट व्हिसावर काम करायला बंदी, आणि बाळ सांभाळायला, सैपाकाला तिथं पगारी बाई ठेवतात त्यामुळं तेसुद्धा काम वाटू शकतं. व्हिसा मिळाला म्हणजे आत घेतलं असंही नाही, तो दारापर्यंत जायचा परवाना आहे, आत घ्यायचं का आणि किती दिवस हे तिथं उभा असलेला अधिकारी ठरवतो. मी काकांना म्हणलं, जे खरं आहे तेच सांगा पण तेवढंच सांगा, लेकीला भेटायला आलोय, अमुक तारखेला परत जाणार, हे तिकीट. खोटं बोलायचं नाही, बॅगेत बायोडाटा आणि तोंडात "फिरायला आलोय" असलं तर ते धरतातच, मोबाइलसुद्धा उघडून बघतात. काका दोन दिवस आरशासमोर पाठ करत होते म्हणे. गेले, आले, व्यवस्थित.

आणि चेष्टा नाही. "बॅगेत काय बॉम्ब हाय व्हय?" हे आपल्याकडं बस स्टँडवर हमालसुद्धा म्हणतो, विमानतळावर म्हणलात तर आपल्याच देशात पोलिस नेतात, अशा बातम्या दरवर्षी येतात.

आता बॅगेत खरंच काय असतं त्यावर येतो, हा माझा आवडता विषय. कोल्हापूरचा माणूस बाहेर निघाला की कपड्यांना जागा राहत नाही. कांदालसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, भडंग, दिवाळीच्या पुढंमागं असलं तर अनारसे. आणि अनारशाला काय लावतात? खसखस. कांदालसूण मसाल्यात घरोघरी काय पडतं? खसखस. यूएईमध्ये खसखशीला बंदी आहे, सिंगापूरमध्येही आहे, कारण ती अफूच्या बोंडातलं बी, आणि त्यांच्या कायद्यात ती अमली पदार्थांच्या रांगेत बसते. आपण म्हणतो खिरीत घालतोय की ओ, झोप चांगली लागते म्हणून पोरांना देतोय. नेमकं हेच तिथं सांगायचं नाही! एकदा एका वहिनींनी दुबईला लेकाकडं न्यायला केलेले अनारसे माझ्यासमोर ताटात काढून एकेकाची खसखस ब्रशनं झाडायला घेतली, मी म्हणलं वहिनी ती तळताना चिकटलीय, आता हे आम्हीच खातो, लेकाला चिवडा न्या. गल्लीनं त्या दिवशी दिवाळी आठवडाभर आधी केली.

तंबाखूचं पण तेच. सिंगापूरला खायची तंबाखू घेऊन जायलाच बंदी आहे, पुडी सापडली की दंड. आपल्याकडं गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि ती कशी पाळली जाते ते प्रत्येक पानटपरीला ठाऊक आहे, त्यामुळं बंदी म्हणलं की आपल्या डोक्यात तेवढंच चित्र येतं. तिथल्या बंदीचं चित्र वेगळं आहे, तिथं ठरावीक वजनापुढं अमली पदार्थ सापडले तर फाशी देतात, आणि देतात म्हणजे खरंच देतात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडवाले खाण्यापिण्याच्या बाबतीत कडक, बी, तूप, फळ, लोणचं जे काय असेल ते फॉर्मवर लिहायचं. लिहिलं आणि त्यांनी काढून टाकलं तर फक्त लोणचं जातं, लपवलं तर न्यूझीलंडमध्ये जागेवर ४०० डॉलर दंड. एवढ्यात इथं लोणच्याच्या किती बरण्या येतात त्याचा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

औषधं ही त्याहून अवघड जागा, कारण तिथं चटणीसारखं हसण्यावारी जात नाही. आपली वयस्कर मंडळी गोळ्यांच्या पट्ट्या कापून, एका प्लास्टिकच्या डबीत सकाळच्या-संध्याकाळच्या अशा एकत्र भरतात. इथल्या मेडिकलमध्ये दुखण्यावरची ट्रामाडॉल, कोडीनवालं खोकल्याचं औषध डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळतं, यूएईला ते नियंत्रित औषध आहे, न्यायचं असेल तर आधी त्यांच्या आरोग्य खात्याची ऑनलाइन परवानगी काढायला लागते. सर्दीच्या साध्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन जपानला ठरावीक प्रमाणापुढं चालत नाही. म्हणून मूळ पाकीट, डॉक्टरची चिठ्ठी, त्यावर औषधाचं मूळ नाव, आणि जिथं चाललोय त्या देशाच्या सरकारी साइटवर आधी बघणं. डबी घरी ठेवायची.

ह्या सगळ्यापेक्षा मला भीती वाटते ती दुसऱ्याच्या पुडक्याची. "तुम्ही चाललायच की, आमच्या पोराला एवढं द्या, फार नाही, किलोभर आहे." नाही म्हणायचं कसं? रोज तोंड दिसतं, लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसतो. मुंबईच्या एका जोडप्याची गोष्ट पेपरांत आली होती, २०१९ ची. नवराबायको कतारला फिरायला गेले, ती सहल त्यांना नात्यातल्याच एका बाईनं स्वतःच्या पैशानं घडवलेली आणि जाताना एक पुडकं दिलेलं, तिकडं द्यायला. दोहाच्या विमानतळावर त्यातनं चार किलोच्या वर चरस निघालं. दोघांना दहा-दहा वर्षं. बायको गरोदर होती, ती तुरुंगातच बाळंत झाली. इकडं घरच्यांनी चकरा मारून मारून, तपास यंत्रणांकडं पुरावे देऊन सिद्ध केलं की त्यांना फसवलंय, आणि २०२१ मध्ये कतारच्या कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. सुटले म्हणून गोष्ट सांगता येते, पण ते पुडकं देणारं माणूस परकं नव्हतं हे लक्षात घ्या, घरातलंच होतं. तेव्हापासून मी गल्लीत वाईटपणा घेतलाय. कोणी पुडकं दिलं तर त्याच्यासमोर उघडतो, डबा असेल तर डब्यातलं ताटात काढतो, शिवलेली पिशवी असेल तर उसवतो. एकजण रागावून लाडू परत घेऊन गेला. जाऊ देत.

जमिनीवरनं बॉर्डर ओलांडायची मजा वेगळीच. आम्ही सिंगापूरहून मलेशियात जोहोर बाहरूला बसनं गेलो, मधे समुद्रावर सुमारे एक किलोमीटरचा पूल, इकडं वुडलँड्स तिकडं जोहोर. आधी सिंगापूरच्या बाजूला बसमधनं उतरायचं, सगळं सामान घेऊन, बाहेर पडायचा सोपस्कार करायचा, परत बस, पूल, परत उतरायचं, सामान घेऊन, आत शिरायचा सोपस्कार. तुमची बस तुमच्यासाठी थांबेलच असं नाही, मागची येते त्यात तेच तिकीट दाखवून बसायचं. बायको म्हणाली, बॅग राहू दे की सीटवर, ड्रायव्हर बघेल. ड्रायव्हर कशाला बघेल, तो काय आपला निपाणीचा एसटीवाला आहे? आजूबाजूची मंडळी रोजची होती, जोहोरला घर आणि सिंगापूरला नोकरी अशी हजारो माणसं आहेत, पहाटे उठून देश बदलतात आणि रात्री परत येतात, चेहऱ्यावर काही नाही, आपण पुणे-मुंबई पासवाल्यांचे चेहरे बघतो तसे. मी मात्र पासपोर्ट शर्टाच्या आतल्या खिशात ठेवून दर पाच मिनिटांनी चाचपत होतो.

तशी घराजवळची बॉर्डर आम्ही बघितलीय. कोरोनात २०२१ ला कर्नाटकानं कोगनोळीला नाका लावला आणि आरटीपीसीआर असल्याशिवाय सोडेनात, निपाणी समोर दिसते, तिथं लेक दिलेली, जमीन तिकडं, दवाखाना इकडं, आणि मधे बॅरिकेड. तिथं लोकांनी ओळखी काढल्या, आडवाटा शोधल्या, शेतातनं गाड्या घातल्या. ते जमलं कारण दोन्हीकडं आपलीच माणसं होती. हीच आडवाटेची अक्कल घेऊन माणसं खऱ्या बॉर्डरवर जातात तेव्हा काय होतं ते पुढं सांगतो.

नेपाळचं आधी उरकतो, कारण काशी-अयोध्या करून पशुपतिनाथाला जाणाऱ्या बसेस आपल्याकडनं भरपूर सुटतात. तिथं व्हिसा लागत नाही, पण आधार कार्ड ह्या कामाला चालत नाही, पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड. ६५ च्या पुढच्या आणि १५ च्या आतल्यांना दुसऱ्या फोटोवाल्या ओळखपत्रावर सूट आहे. भूतानलाही पासपोर्ट किंवा मतदान कार्ड, शिवाय आपल्या माणसाला रात्रीचे १२०० रुपये सरकारी शुल्क. सोप्या बॉर्डर आहेत म्हणून लोक गाफील राहतात, आणि तिथंच अख्खी बस तीन तास एका गृहस्थांच्या मतदान कार्डासाठी उभी असते जे घरी देव्हाऱ्याच्या फळीवर आहे.

युरोपात उलटं, बॉर्डर लागतच नाही. १९८५ मध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या गावाजवळ मोझेल नदीत उभ्या बोटीवर पाच देशांनी करार केला, आता २९ देश त्यात आहेत, गाडी एका देशातनं दुसऱ्या देशात जाते आणि मोबाइलवर मेसेज येतो तेव्हा कळतं. पण बॉर्डर दिसत नाही म्हणजे पासपोर्ट हॉटेलच्या कपाटात ठेवून दुसऱ्या देशात जेवायला जायचं नाही. जर्मनीनं सप्टेंबर २०२४ पासून सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी परत सुरू केली, ट्रेनमध्ये पोलिस चढतात आणि मागतात. राहायचे दिवस पण मोजून, कुठल्याही १८० दिवसांत ९०. पूर्वी शिक्क्यांवरनं मोजायचे, ऑक्टोबर २०२५ पासून त्यांनी बोटांचे ठसे आणि फोटोवाली मशीन लावायला घेतली, आता कॉम्प्युटरच मोजतो, त्याला अस्पष्ट शिक्का वगैरे काही सांगता येत नाही.

शेंगेन व्हिसाला विमा लागतो, कमीत कमी ३० हजार युरोचा, आणि त्यात एक कलम असतं ते वाचून आमच्याकडची माणसं चूळबूळ करतात, मृत्यू झाला तर पार्थिव मायदेशी पाठवायचा खर्च. "असलं अभद्र कशाला लिहितात?" मी त्यांना फ्लॉरेन्सचं सांगतो. आपले छत्रपती राजाराम महाराज, कोल्हापूरच्या गादीवरचे, १८७० मध्ये विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला तिथंच गेले. वय विशीचं. इटलीत तेव्हा दहनाला परवानगी नव्हती, बरोबरच्या माणसांनी ती खास मागून मिळवली, आणि आर्नो नदीला मुन्योने नदी मिळते त्या संगमावर रात्री त्यांचं दहन झालं. पुढं त्या जागी स्मारक झालं, छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा, तिथली माणसं त्याला 'इंडियानो' म्हणतात, आणि शेजारी नंतर पूल बांधला त्याचंही नाव तेच. राजाला, इंग्रज अधिकारी बरोबर असताना, परक्या गावात शेवटच्या संस्कारासाठी परवानगी मागायला लागली. आपण तर राजारामपुरीतले. तेव्हा विम्याचा कागद घ्या, त्यावरचा फोन नंबर वहीत लिहा, आणि शुगर-बीपी असेल तर फॉर्मवर लपवू नका, लपवलं की दवाखान्यात क्लेम नाकारतात.

तिथं आपलं कोणीच नाही असंही नाही. वकिलात असते. १९६३ चा व्हिएन्ना करार आहे, त्याच्या ३६ व्या कलमात लिहिलंय की परक्या देशात अटक झाली तर माझ्या वकिलातीला कळवा असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे, कुलभूषण जाधवांच्या खटल्यात २०१९ मध्ये हेगच्या कोर्टात भारत ह्याच कलमावर जिंकला. पासपोर्ट हरवला तर पोलिसात तक्रार करून वकिलातीत जायचं, ते एक कागद देतात ज्यावर भारतात परत येता येतं, फक्त परत, पुढची टूर नाही. परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे, तक्रार घातली की नंबर मिळतो. पण वकिलात म्हणजे नगरसेवक नव्हे, ते तुम्हाला कायद्यातनं सोडवून आणत नाहीत, वकील कुठं मिळेल ते सांगतात, घरी कळवतात, तुरुंगात भेटायला येतात.

त्यांचं काम मोठं दिसलं ते युक्रेनला. २४ फेब्रुवारी २०२२ ला लढाई लागली, विमानं बंद, आणि मेडिकलची पोरंपोरी बंकरमध्ये. आमच्या ओळखीतल्या एका घरातली पोरगी त्यात होती. पोलंडच्या सीमेवर शेहिनीला गर्दी अफाट म्हणून त्यांचा ग्रुप रोमानियाकडं सिरेतला वळला, शेवटचे काही किलोमीटर पायी, बर्फात, बॅगा वाटेत टाकून. ती सांगते की बॅग टाकली पण पासपोर्ट, विद्यापीठाचं कार्ड आणि वहीत लिहिलेले नंबर अंगावर होते, कारण मोबाइल थंडीत बंद पडत होता आणि चार्जिंग कुठंच नव्हतं. ऑपरेशन गंगामध्ये २२ हजारांच्या वर भारतीय परत आले. त्या दिवसांत तिच्या आईनं अंबाबाईला काय काय बोललंय ते अजून फिटतंय म्हणतात.

आणि आता ते आडवाटेचं. आमचा भाचा, डिप्लोमा झालेला, गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कामाला. एक दिवस मोबाइल घेऊन आला, "मामा, बँकॉकला जॉब लागला. डेटा एंट्री. राहणं-खाणं फ्री. इंटरव्ह्यू व्हॉट्सॲपवरच झाला." पगार ऐकून मी चष्मा पुसला. म्हणलं व्हिसा कसला? "व्हिसा लागत नाय मामा, थायलंडनं भारताला माफ केलाय." माफ केलाय तो फिरायला. त्यावर काम करता येत नाही, म्हणजे विमानातनं उतरून कामाला लागला की पहिल्या दिवसापासून बेकायदा, आणि बेकायदा माणूस पोलिसाकडं जात नाही, हेच त्या लोकांना पाहिजे असतं.

मग मी त्याला नकाशा दाखवला. बँकॉकहून गाडीत बसवतात, ऑफिस जवळच आहे म्हणतात, आणि गाडी सात-आठ तास चालतेच आहे. माए सोट नावाचं गाव येतं, म्यानमारच्या काठावरचं, मधे मोएई नदी, फार रुंद नाही, रात्री होडीत बसवून पलीकडं म्यावाडीकडं नेतात. ना शिक्का, ना नोंद. कुंपणाच्या आत पासपोर्ट काढून घेतात आणि कॉम्प्युटरसमोर बसवतात, लोकांना फोनवरनं फसवायला, आपल्याच लोकांना पण. नाही म्हणलं तर मारतात, सोडायला पैसे मागतात. मार्च २०२५ मध्ये भारतीय हवाई दलाच्या विमानांनी माए सोटहून ५०० च्या वर आपली माणसं आणली, महाराष्ट्रातली पोरं पण होती त्यात. कंबोडिया, लाओसचीही हीच गोष्ट. अमेरिकेचा डंकीचा, म्हणजे चोरून शिरायचा रस्ता वेगळा पण शेवट तसलाच, फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ जण लष्करी विमानानं अमृतसरला उतरवले, हातात बेड्या.

"पण मामा, एजंट आपल्या इकडचाच हाय. इचलकरंजीचा. त्याचा भाऊ माझ्या मित्राच्या वर्गात होता."

घ्या. मी काही बोललो नाही, लॅपटॉप उघडला. परराष्ट्र खात्याचं ई-मायग्रेट पोर्टल आहे, परदेशी नोकरीला माणसं पाठवणारे नोंदणी झालेले एजंट त्यावर असतात, आणि त्यांना उमेदवाराकडनं ३० हजार अधिक जीएसटी एवढंच घ्यायची मुभा आहे. ह्या माणसाचं नाव नव्हतं, आणि त्यानं मागितलेला आकडा काही लाखांत होता. मी भाच्याला म्हणलं, त्याला फोन लाव, स्पीकरवर टाक, आणि फक्त तीन गोष्टी माग, नोंदणी नंबर, थाई कंपनीचं वर्क परमिटचं कागदपत्र आणि परतीचं तिकीट. पहिल्या दोनवर तो हसला, "भावा, विश्वास नाय व्हय आपल्यावर?" तिसऱ्यावर फोन कट झाला. परत लावला तर स्विच ऑफ. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपचा डीपीही गेला. पोलिसात अर्ज दिलाय आम्ही, सायबरला.

भाचा अजून माझ्यावर रागावून आहे, म्हणतो मामांनी लाइफ सेट होता होता बिघडवलं. परवा जेवायला आला होता, तांबडा ओरपता ओरपता म्हणाला, "नोकरी राहू दे, पण थायलंड एकदा बघायचंच हाय." म्हणलं बघ की, कोण अडवतंय. त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड फुकट असतं, सरकारी साइटवर तीन दिवस आधी भर, गुगलवर पहिल्यांदा दिसणाऱ्या आणि पैसे मागणाऱ्या साइटवर नको. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेव. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५. आणि माझ्यासाठी काही आणू नको, कुणी दिलं तर अजिबात आणू नको.

"आणि रिटर्न तिकीट?"

"ते आधी दाखव, मग रस्सा वाढतो."